नियमात बसणारी गोष्ट

गेल्या हिवाळ्यात मी एका वहीत ४३ प्रश्न लिहून काढले. पन्नाशी ओलांडलेल्या आणि मराठी पुस्तके वाचण्यात अर्धे आयुष्य घालवलेल्या माणसाने 'चेटकीण साठ फुटांवरून पडली तर तिला किती इजा होते?' असा प्रश्न गांभीर्याने लिहावा, हे काहीसे हास्यास्पद आहे, याची मला जाणीव होती. पण जबाबदारी अंगावर आली होती. आम्ही मिनियापोलिसला राहतो. आमच्या तळघरात दर शनिवारी माझी चौदा वर्षांची मुलगी आणि तिचे तीन मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत असत. त्यांचा खेळ चालवणारा शेजारचा मुलगा कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेला आणि खेळ बंद पडला. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मी लहान असताना तू मला इतक्या गोष्टी सांगायचास. मग तूच चालव ना."

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १९७४ साली अमेरिकेत तीन लहान पुस्तिकांच्या रूपात तो प्रथम प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. यात रूढ अर्थाने कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार, आणि ते पात्र काय करते हे तोंडाने सांगतो. उरलेले सगळे जग एकट्या माणसाकडे असते. त्याला डंजन मास्टर म्हणतात. सराईतला म्हातारा तोच, जंगलातला राक्षस तोच आणि पंचही तोच. जे निश्चित नाही त्याचा निकाल फासा लावतो. हा फासा बहुतेक वेळा वीस बाजूंचा असतो.

शेजारचा मुलगा दयाळू होता. माझ्या प्रश्नांना तो फोनवर उत्तरे पाठवी. काही उत्तरे नेमकी असत. उंचावरून पडल्यास दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, मात्र कितीही उंचावरून पडले तरी वीस फाशांहून अधिक नाहीत. ज्या मंत्राला एकाग्रता लागते तसे दोन मंत्र एकाच वेळी चालवता येत नाहीत. शत्रूच्या टप्प्यातून सरळ पाठ फिरवून निघाले, तर त्याला एक वार फुकट मिळतो. ही उत्तरे मी शाळकरी मुलाच्या आनंदाने वहीत उतरवून घेतली. पण जवळजवळ निम्म्या प्रश्नांपुढे त्याचे एकच उत्तर असे : "ते तुम्ही ठरवायचे." मला हा आळस वाटला. इतके जाडजूड पुस्तक, आणि त्यात हेही लिहिलेले नसावे?

तिसऱ्या शनिवारी मुलीच्या एका मित्राचा योद्धा लांडग्यांशी लढताना पडला. पात्राची ताकद शून्यावर आली की ते लगेच मरत नाही, बेशुद्ध होते. मग दर पाळीला खेळाडूने वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशे आधी झाली तर जीव वाचतो, तीन अपयशे आधी झाली तर पात्र मरते. त्या मुलाचे एक अपयश झाले होते. एक लांडगा त्याच्या शेजारीच उभा होता. मी वही पाहिली, मग पुस्तक पाहिले. बेशुद्ध पात्रावर जवळून केलेला वार लागला, तर एकदम दोन अपयशे धरतात. मी लांडग्याचा फासा टाकला. वार लागला. एक आणि दोन, तीन. "नियमाप्रमाणे," मी म्हणालो. मुलाने आपल्या पात्राचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला. त्या योद्ध्याचे चित्र त्याने स्वतः काढले होते. तो काही बोलला नाही. अवघड नियम अचूक लावता आला म्हणून मला त्या रात्री, खरे सांगायचे तर, थोडे समाधानच वाटले होते.

दोन आठवड्यांनी माझ्या मुलीची चोरटी एका गुहेत पडली. तिचेही एक अपयश झाले होते. शेजारी सुरा घेतलेला एक गॉब्लिन उभा होता. हे लबाड, ठेंगणे भुताटकीचे प्राणी असतात. पाळी त्याची होती. मी म्हणालो, "गॉब्लिन तिच्याकडे पाहून खदाखदा हसतो, आणि दाराशी उभ्या असलेल्या जादूगाराकडे धावतो." खेळ पुढे गेला. चोरटी वाचली. यातही नियमाचा भंग कुठेच नव्हता. गॉब्लिनने कोणावर वार करावा हे पुस्तक सांगत नाही.

रात्री मी स्वयंपाकघरात कप विसळत असताना मुलगी खाली आली आणि म्हणाली, "बाबा, लांडगा का नाही हसला?"

मी उत्तरादाखल लांडगा आणि गॉब्लिन यांच्या स्वभावातला फरक सांगू लागलो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तो मुलगा आज सगळा वेळ माझ्याकडे बघत होता." आणि ती झोपायला गेली.

पुढचे काही दिवस मी या खेळाचा इतिहास वाचत होतो. त्यात कुतूहल होते तसा पळपुटेपणाही होता. त्या वाचनात मला माझाच प्रश्न जुन्या वेषात भेटला. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा एक युद्धखेळ प्रचारात आणला. त्यात फासे होते, कोष्टके होती आणि त्यांवरून निकाल देणारा पंच होता. पुढे कोष्टकांचे ओझे इतके झाले की १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने ती बाजूला सारावीत आणि पंचाने आपल्या अनुभवावरून निकाल द्यावा, असे मांडले. नंतर १९६९ साली आमच्याच या जुळ्या शहरांत डेव्हिड वेझली याने 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला. त्यात प्रत्येक खेळाडूला स्वतःची भूमिका होती, आणि कोणी अनपेक्षित काही करू पाहिले की निर्णय पंचाचा. आर्नेसन त्या मंडळींपैकीच. 'ते तुम्ही ठरवायचे' हे उत्तर म्हणजे शेजारच्या मुलाचा आळस नव्हता. त्यामागे दीडशे वर्षांचा वाद होता. कोष्टके वाढवली तर पंच कारकून होतो, ती काढून टाकली तर सारा भार त्याच्या सचोटीवर येतो.

मी मात्र दोन्ही पळवाटा वापरल्या होत्या. परक्या मुलाचे पात्र मारताना मी कोष्टकाआड उभा राहिलो, आणि स्वतःच्या मुलीचे वाचवताना कोष्टकाच्या मौनाआड. लांडग्याचा वार लागल्यास काय होते, एवढेच पुस्तक सांगत होते. त्याने वार करावा की नाही हे लांडग्याच्या वेळीही मीच ठरवले होते. फक्त ते मी स्वतःला कळू दिले नव्हते.

फासे आणि नियम यांविषयी मराठी वाचकाच्या मनात एकच सभा उभी राहते. तळघरातल्या टेबलाची तुलना द्यूतसभेशी करणे अतिशयोक्तीचे आहे, हे मान्य. तरीही सभापर्वातला द्रौपदीचा प्रश्न हा नियमाचा प्रश्न आहे, हे मला या वयात प्रथमच जाणवले. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाला पणाला लावता येते काय? इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये याबद्दल द्रौपदीलाच दोष दिला आहे. भर सभेत तिने कायद्याचा कीस पाडायला नको होता, असे त्यांचे म्हणणे. कॉलेजात असताना मला ते पटले होते. आता माझे लक्ष उत्तर देणाऱ्याकडे जाते. धर्म सूक्ष्म आहे, निर्णय देता येत नाही, असे भीष्म म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत, प्रश्न खरोखरच अवघड आहे. पण समोर जे घडते आहे ते थांबवायला त्या प्रश्नाचे उत्तर लागतच नव्हते. नियम अवघड असणे ही त्या सभेतल्या वडीलधाऱ्यांची सोय होती. विकर्णासारखा तरुण तिथे उठून बोलू शकला, कारण त्याने ती सोय घेतली नाही.

पुढच्या शनिवारी खेळ सुरू होण्याआधी मी चौघांसमोर बोललो. त्या मुलाला म्हणालो की लांडग्याला तुझ्यावर वार करायला पुस्तकाने सांगितले नव्हते, मी सांगितले होते. आणि गॉब्लिनला हसायलाही मीच सांगितले. माझ्या टेबलावर एक पुठ्ठ्याचा आडोसा असे. त्याआड फासे टाकायची डंजन मास्टरला मुभा असते. तो मी काढून ठेवला. यापुढे लढाई सुरू होण्याआधीच प्रत्येक शत्रूला काय हवे आहे, भूक, लूट की नुसती सुटका, हे एका चिठ्ठीवर लिहून ती टेबलावर पालथी ठेवीन आणि लढाई संपली की उघडून दाखवीन, असे कबूल केले. मेलेला योद्धा परत आणू का, असेही विचारले.

मुलाने थोडा विचार केला. "नको," तो म्हणाला, "तो मेला." खिशातून त्याने नवा कागद काढला. या वेळी वैद्य होता, चित्र अर्धवट होते. मग त्याने विचारले, "पडलेल्या माणसाजवळ मी उभा राहिलो, तर त्याच्यावरचा वार माझ्यावर घेता येतो का?"

मी सवयीने वही उघडली आणि मिटली. चारही मुले माझ्याकडे पाहत होती.