हवेचा भाव

जळगावच्या डाळमिलांत तूर भरडली जाते, धुळे-जळगावच्या जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, आणि दोन्हीकडे धूळ उडते. ही धूळ खेचून पिशव्यांत किंवा सायक्लोनमध्ये अडवणारी यंत्रे आता परदेशातूनही मागवता येतात. चीन, तैवान, जर्मनी, इटली कुठूनही कोटेशन तासाभरात फोनवर येते. मग टेबलावर चार कागद पसरतात आणि मालकाचा डोळा प्रत्येक कागदाच्या शेवटच्या ओळीवर जातो. या व्यवसायातली बहुतेक चुकीची खरेदी त्या ओळीपासून सुरू होते, असे माझे ठाम मत आहे. धूळ खेचण्याच्या कामात भाव लोखंडी पेटीचा नसतो, हवेचा असतो. किती हवा, किती ओढीने, किती कापडातून आणि किती वर्षे न्यायची आहे, हे ठरल्याशिवाय कोणत्याही कोटेशनला अर्थ येत नाही. ते ठरवण्याचे काम परदेशातला कारखाना करू शकत नाही, ते आपल्याच शेडमध्ये करावे लागते.

सुरुवात हूडपासून करू. पोते रिकामे होते त्या खड्ड्यावर, एलिव्हेटरच्या बुडाशी, चाळणीवर आणि एमरी रोलवर धूळ पकडणारे तोंड किती जवळ बसवता येते, यावर सगळा हिशेब उभा असतो. उघड्या तोंडाची ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते. तोंड १ फुटावरून २ फुटांवर नेले, तर तीच धूळ धरायला जवळपास चौपट हवा लागते. चौपट हवा म्हणजे चौपट पिशव्या, जाड डक्ट, मोठा पंखा आणि मोठी मोटर. पत्र्याचे आवरण घालून आणि हमालाच्या हाताला अडचण होणार नाही अशी झडप लावून तोंड जवळ आणायला काही हजारांचा खर्च येतो, आणि त्याने यंत्रावरचे लाखो रुपये वाचू शकतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम १४ मध्ये हेच सांगितले होते: धूळ जिथे निघते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती खेचून घ्यावी. तो नियम कामगाराच्या फुप्फुसासाठी लिहिला होता, पण मालकाच्या खिशालाही तो तितकाच लागू पडतो. परदेशी विक्रेत्याला आपली शेड दिसत नाही. त्याला आपण हवेचा आकडा सांगतो आणि तो त्या आकड्याला भाव लावतो. आकडाच फुगलेला असेल, तर अगदी प्रामाणिक विक्रेताही आपल्याला महागच पडणार.

हवा ठरली की कापड पाहावे. समजा ताशी २०,००० घनमीटर हवा हवी आहे, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३३ घनमीटर. दोन कोटेशनांत हाच आकडा ठळक छापलेला आहे, पण भावात मोठी तफावत आहे. आतले पान उघडून पिशव्या मोजाव्यात. १६० मि.मी. व्यासाची, ३ मीटर लांबीची पिशवी सुमारे दीड चौरस मीटर कापड देते. पहिल्याने १४८ पिशव्या दिल्या आहेत, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. हवा कापडातून मिनिटाला दीड मीटर वेगाने जाईल आणि डाळीच्या बारीक, हलक्या धुळीला तो वेग मानवतो. दुसऱ्याने ९६ पिशव्यांत भागवले आहे. तिथे वेग २.३ मीटरवर जातो. धूळ कापडाच्या आत रुतते, दाबाच्या हवेचा झटका तिला पुरती झाडू शकत नाही, आणि पावसाळ्यात दमट हवेने तिचा लगदा होऊन पिशवी बंद पडते. दुसरे यंत्र स्वस्त का, याचे उत्तर त्या गायब ५२ पिशव्यांत आहे. पत्र्याची जाडी, पिंजऱ्याच्या तारा आणि खालचा एअरलॉक यांचीही अशीच तपासणी करावी. भावातला बहुतेक फरक अशा ठिकाणी सापडतो. जिथे तो सापडत नाही, तिथे विक्रेत्याला सरळ विचारावे.

यापुढचा खर्च कोणत्याच कोटेशनवर नसतो, तो दर महिन्याला वीजबिलात येतो. ताशी २०,००० घनमीटर हवा २५० मि.मी. पाण्याच्या दाबाने ओढायची आणि पंख्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरायची, तर साधारण २१ किलोवॅट लागतात. दिवसाला १२ तास, वर्षाला ३०० दिवस, युनिटला ९ रुपये असा हिशेब केला, तर वर्षाचे बिल सात लाखांच्या आसपास जाते. कोंदलेल्या पिशव्यांमुळे दाब आणखी १०० मि.मी. वाढला आणि हवा तेवढीच ठेवायची असेल, तर आणखी साडेआठ किलोवॅट, म्हणजे वर्षाला पावणेतीन लाख रुपये लागतात. पंखा तोच ठेवला तर बिल फारसे वाढत नाही, पण ओढ पडते आणि धूळ शेडमध्येच राहते. यंत्र बंद पडत नाही, आवाजही करत राहते, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षे चालवायच्या यंत्रात पहिल्या दिवशी वाचवलेले दोन-तीन लाख रुपये पहिल्याच वर्षी परत जातात, आणि नंतर दरवर्षी जात राहतात.

आता आयातीचा भाव पाहू. एफओबी म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवलेल्या मालाचा भाव. त्यात समुद्रभाडे आणि विमा मिळवला की सीआयएफ होतो. तो १०० रुपये धरू आणि मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के धरू. त्यावर दहा टक्के अधिभार लागून माल १०८.२५ रुपयांचा होतो. त्यावर १८ टक्के आयजीएसटी लागला की आकडा पावणेएकशेअठ्ठावीसच्या घरात जातो. न्हावा-शेवाचा बंदरखर्च, नाशिक-धुळेमार्गे ट्रकभाडे आणि रुपयाच्या दराची चढउतार हे सगळे वेगळे. आयजीएसटी परत मिळतो, असे एजंट सांगतात. रुईवर कर असल्याने जिनिंगवाल्याला ते क्रेडिट वापरता येते. डाळीचे तसे नाही. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटांवर ५ टक्के कर आला आणि त्याहून मोठी पोती करमुक्त राहिली. ज्याचा सगळा माल करमुक्त पोत्यांत जातो, त्याला यंत्रावरच्या कराचे क्रेडिट घेता येत नाही. त्याच्यासाठी ते १८ टक्के खरा खर्च आहे. देशी यंत्रावरही कर लागतो, पण आयातीत तो भाडे आणि शुल्क यांनी वाढलेल्या रकमेवर बसतो.

भाड्यातली मोठी गोष्ट अशी की बॅग फिल्टर हे आतून रिकामे यंत्र आहे. ४० फुटी हाय-क्यूब कंटेनरमध्ये साधारण ७६ घनमीटर जागा असते, आणि पत्र्याची पेटी, हॉपर, डक्ट यांनी ती भरली तर तिच्यातली बहुतेक जागा रिकामी हवाच असते. त्या हवेचे भाडे आपण हजारो किलोमीटरचे भरतो. म्हणून माझा आग्रह असा की पेटी, हॉपर, डक्ट, शिडी, स्टँड आणि हूड इथेच घडवावे. जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा वाकवणारे, वेल्डिंग करणारे हात आहेत. परदेशातून आणायचेच झाले, तर पिशव्यांचे खास कापड, झटका देणारे डायफ्राम व्हॉल्व्ह, टायमर आणि दाबमापक आणावेत. ते लहान असतात, भाडे कमी पडते, आणि यंत्राचे आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून असते. आपल्या देशातही चांगले फेल्ट आणि पिंजरे बनतात. तिथे नमुना मागवून तुलना करावी आणि मगच बाहेर पाहावे.

जिनिंगचा मामला तर याहून सोपा आहे. रुईचे लांब तंतू पिशव्यांमध्ये अडकून गाठी करतात, म्हणून तिथे पहिले काम सायक्लोनचे. अमेरिकेतल्या जिनिंगमध्ये वापरले जाणारे १डी३डी सायक्लोन, म्हणजे वरची नळी व्यासाइतकी उंच आणि खालचा शंकू त्याच्या तिप्पट, हे तिकडच्या सरकारी कृषी खात्याच्या जिनर्स हँडबुकमध्ये मापांसह छापलेले आहेत. हवा मिनिटाला सुमारे ३,२०० फूट वेगाने आत शिरावी, एवढे जपले की ते काम करतात. ज्याचे माप खुले आहे आणि ज्याला साधा पत्रा पुरतो, त्यासाठी परकीय चलन का घालवावे?

याला पहिला आक्षेप येतो तो जबाबदारीचा. सगळे एका विक्रेत्याकडून घेतले तर बिघाडाला तो जबाबदार, तुकडे केले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आक्षेप खरा आहे, आणि तुकड्यांत खरेदी करणाऱ्याने तो गंभीरपणे घ्यावा. पण हजारो किलोमीटरवरच्या विक्रेत्याची जबाबदारी बहुधा कागदावरच राहते. पैशाची अट साधारण तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल जहाजावर चढण्यापूर्वी, अशी असते. माल शेडमध्ये पोहोचतो तेव्हा आपल्या हातात रोखून धरायला काहीच उरत नाही. त्यापेक्षा इथल्या एका फॅब्रिकेटरला किंवा सल्लागाराला पूर्ण रचनेचा प्रमुख करावे, आयात भागही त्याच्याच मंजुरीने घ्यावेत, आणि त्याची दहा टक्के रक्कम धूळ मोजून होईपर्यंत राखून ठेवावी. जबाबदारी नुसती लिहून मिळत नाही, ती राखलेल्या रकमेने मिळते.

दुसरा आक्षेप लहान मिलवाल्याचा. त्याला सायक्लोन पुरतो, धूळ चुणीत मिसळून गुरांच्या खाद्यात जाते, मग बॅग फिल्टरचा खर्च कशाला? सायक्लोन जाड धूळ उत्तम धरतो आणि त्याने धरलेला माल विकताही येतो, हे मान्य. पण १० मायक्रॉनखालची धूळ त्यातून मोठ्या प्रमाणात निसटते, आणि फुप्फुसात खोल जाणारी धूळ नेमकी तीच. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला होता, तो याच कारणाने. धान्याची, साखरेची, डाळीची बारीक पूड हवेत तरंगली आणि ठिणगी मिळाली तर पेट घेते. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात अशाच पुडीच्या स्फोटाने १४ कामगार मेले. म्हणून लहान मिलनेही आधी सायक्लोन आणि मागे लहान बॅग फिल्टर अशी जोडणी करावी, आणि पेटीला स्फोटाचा दाब मोकळा करणारी झडप मागावी. तोंडे जवळ आणून हवा कमी केली, तर ही जोडणी परवडते. न परवडण्याचे खरे कारण बहुधा फुगलेली हवा असते.

तिसरा मुद्दा आपल्या हवामानाचा व विजेचा, आणि तो आयातीविरुद्ध नाही, बेसावध आयातीविरुद्ध आहे. परदेशी तक्ते बहुधा २० अंशांच्या हवेवर केलेले असतात. जळगावच्या ४५ अंशांत हवा सुमारे ८ टक्के विरळ होते आणि पंख्याचा दाब तेवढाच घटतो. अमेरिका आणि तैवानच्या यंत्रांचे आकडे ६० हर्ट्झचे असतात. आपल्या ५० हर्ट्झवर तोच पंखा हवा ८३ टक्के आणि दाब ६९ टक्के देतो. पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याची पुली बदलून हे भरून काढता येते. पण ऑर्डरपूर्वी विचारले तरच, यंत्र उभे राहिल्यावर नाही.

म्हणून खान्देशातल्या प्रत्येक मिलमालकाला आणि जिनिंगवाल्याला माझे सांगणे आहे की पुढच्या वेळी भावाआधी पाच आकडे लेखी मागा: कोणत्या तापमानाला आणि किती हर्ट्झवर किती हवा, एकूण कापड किती चौरस मीटर, स्वच्छ आणि भरलेल्या पिशव्यांवरचा दाब किती, वर्षाची वीज किती, आणि बाहेर पडणाऱ्या हवेत धूळ किती. ते आकडे खरेदीपत्रात घाला, मोजून घेतल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. जो विक्रेता हे आकडे द्यायला तयार नाही, तो इथला असो की परदेशातला, त्याचे यंत्र कितीही कमी किमतीला मिळत असले तरी घेऊ नये.