चित्रातून चित्र वजा

संगणकाच्या दृष्टीने फोटो म्हणजे आकड्यांचा चौकटी-चौकटींचा कागद. शाळेतल्या गणिताच्या वहीसारखा. प्रत्येक चौकटीत एक आकडा, साध्या करड्या चित्रात ० म्हणजे मिट्ट काळं आणि २५५ म्हणजे पांढरंफेक. आणि आकडे म्हटल्यावर बेरीज-वजाबाकी आलीच. एका फोटोतून दुसरा फोटो चक्क वजा करता येतो. पायथनमध्ये ती एक ओळ असते, 'नंतरचं' वजा 'आधीचं'. जिथे काही बदललं नाही तिथे शून्य उरतं, म्हणजे काळं. जिथे बदललं तिथे उजेड.

मंडळी, गेले काही महिने फावल्या वेळात मी हेच करतोय. फोटो आहेत उपग्रहाचे आणि जागा आपली, पनवेलच्या खाडीची. नवी मुंबईचा विमानतळ झाला ती ११६० हेक्टर. १८ फेब्रुवारी २०१८ ला भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं. त्यासाठी दहा गावं-पाडे उठले. त्यातलं एक माझं आजोळ. नातेवाईकांपैकी जे वाचतायत त्यांना कोणतं ते सांगायला नको, आणि बाकीच्यांना नाव कळून फरक पडत नाही. मामाने सहज विचारलं होतं, "अरे, तुझ्या त्या कॉम्प्युटरात आपलं गाव अजून दिसतं का रे?" म्हटलं बघतो.

फोटो मिळवणं सोपं आहे. अमेरिकेच्या लॅण्डसॅट उपग्रहांचं सगळं जुनं भांडार २००८ पासून फुकट आहे. लॅण्डसॅट ८ हा २०१३ मध्ये सुटला, दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून, आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास जातो. त्याचं जानेवारी २०१४ चं एक चित्र घेतलं आणि २०२४ च्या जानेवारीचं एक. महिना तोच हवा, कारण आपले डोंगर ऑगस्टात हिरवे आणि मार्चात तपकिरी असतात. ऋतू वेगळा घेतला तर वजाबाकीत नुसता ऋतूच येतो.

आता गंमत हातच्याची. आठ बिटांच्या चौकटीत २५५ च्या पुढे जागाच नाही. २०० आणि १०० मिळवले तर ३०० यायला हवेत. नमपायमध्ये अशा दोन चित्रांची बेरीज केली तर तिथे ४४ येतात. हातचा ठेवायला घरच नाही, त्यामुळे तो गळून जातो आणि आकडा घड्याळासारखा फिरून पुन्हा सुरुवातीला येतो. वजाबाकीत तेच उलटं. १०० मधून १२० गेले की उणे वीस नाही, २३६. म्हणजे जी जागा जराशी काळवंडली ती चित्रात झगझगीत दिसते! ओपनसीव्ही नावाचं दुसरं साधन जरा समंजस आहे, ते शून्यावर थांबतं. पण मग काळवंडलेलं आणि न बदललेलं दोन्ही सारखंच काळं. म्हणून आधी आकड्यांना दशांशात न्यायचं, उणे चिन्हाला जागा करून द्यायची आणि मगच वजाबाकी. लॅण्डसॅटच्या तयार चित्रांत तर आकडे सोळा बिटांचे असतात. प्रत्येकाला ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा केले की कळतं, जमिनीने उन्हाचा किती भाग परत पाठवला.

हिरवळीसाठी वेगळं गणित आहे. पान लाल उजेड खातं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परतवून लावतं. म्हणून अवरक्तातून लाल वजा करायचं आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर एकाच्या जितकं जवळ तितकी झाडी दाट. या भागाकाराचा एक मोठा फायदा म्हणजे सावली जाते, कारण सावलीत दोन्ही आकडे साधारण सारख्याच पटीने घटतात.

इथेच उलव्याचा डोंगर मला पहिल्यांदा दगा देऊन गेला. नव्वद-एक मीटरचा डोंगर, सुरुंग लावून सपाट केला, आणि हिरवळीच्या चित्रात तिथे काय? झाडी कमी झाल्याचा एक डाग. कुणी म्हणेल जंगल तोडलं. चौकटीतल्या आकड्याला उंची कळत नाही. डोंगर पाहायचा तर भागाकार करायचा नाही, नुसती लाल पट्टी वजा करायची. जानेवारीत सकाळी अकराला सूर्य आग्नेयेकडे कललेला, म्हणून डोंगराची वायव्येची बाजू २०१४ च्या चित्रात काळी आहे. २०२४ मध्ये ती सावली नाही. वजाबाकीत त्या जागी एक उजळ कोर उमटते, चंद्रकोरीसारखी. आईला ती दाखवली तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "याच बाजूने आम्ही लाकडं आणायला चढायचो."

मामाला चित्र दाखवलं त्या दिवशी मात्र वेगळंच झालं. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे आपलं शेत. हे काळं का?" काळं, म्हणजे फारसा फरक नाही. जानेवारीत भात कापून झालेलं असतं, नुसती धसकटं आणि भेगाळलेली माती. दहा वर्षांनी त्यावर भराव, तोही मातकट. तपकिरीतून तपकिरी वजा, उरलं जवळजवळ शून्य. ज्या जमिनीसाठी या पट्ट्यातली माणसं जानेवारी १९८४ मध्ये गोळ्यांसमोर उभी राहिली, साडेबारा टक्के आणि पुढे विमानतळासाठी साडेबावीस टक्के असे हिशेब ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांच्या शेताला माझ्या तीन ओळींच्या कोडने 'बदल नाही' असा शेरा दिला. गणित बरोबर होतं. महिना शेताचा नव्हता. मामा म्हणाला, "कापणीच्या आधीचं बघ की, दसऱ्याच्या सुमाराचं." त्या दिवसांत ढगांचा त्रास असतो, पण एक-दोन चित्रं स्वच्छ मिळतात. त्यांत शेतं लख्ख उमटली. बांधासकट म्हणणार होतो, पण तेवढं बारीक दिसत नाही.

खाडीचा भाग त्याहून अवघड. दोन वेळच्या चित्रांत भरती-ओहोटी वेगळी असेल तर चिखलाचा अख्खा पट्टा 'नवी जमीन' म्हणून उजळतो, आणि खरा भराव त्याच्या शेजारीच असतो. सगळ्या चित्रांची सरासरी काढावी तर ना भरतीची ना ओहोटीची अशी कधीच नसलेली खाडी तयार होते. यावर उपाय मामाकडे होता, आणि तो कोळ्या-आगऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण काम भागतं. उपग्रह येतो अकराला! म्हणजे पुनवेच्या चित्रात खाडी उधाणाने तुडुंब, आणि पंचमी-षष्ठीच्या चित्रात पाणी बरंच उतरलेलं. शिवाय पक्ष पावणेपंधरा दिवसांचा आणि उपग्रहाची फेरी सोळाची. म्हणजे एकदा अमावास्येला आला तर पुढच्या खेपेला पौर्णिमा उलटून प्रतिपदा-द्वितीया, भरती तासभर पुढे सरकलेली. हे लक्षात आलं आणि मी चित्रांच्या फायलींना तारखेऐवजी तिथीची नावं दिली. षष्ठीतून षष्ठी वजा केल्यावर चिखल गेला, भराव राहिला, आणि गेलेल्या तिवरांची एक वेडीवाकडी कड उरली. तिवरं बारमाही हिरवी, ती जानेवारीतही खोटं बोलत नाहीत.

राहिला प्रश्न गावाचा. लॅण्डसॅटची एक चौकट ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. पूर्ण विमानतळ तेरा हजारांच्या आत. मामाचं घर अंगणासकट दोन गुंठ्यांत होतं. एका चौकटीत ते घर, शेजारच्याचं छप्पर, पायवाट, जांभळाचं झाड हे सगळं कॅमेऱ्याने वरूनच एकत्र करून एक आकडा लिहिलेला. त्या बेरजेतून घर तेवढं वेगळं काढता येत नाही. उत्तर एक, त्यातली पदं कितीतरी. २०१५ मध्ये सुटलेल्या युरोपच्या सेंटिनेल २ ची चौकट १० मीटरची, जवळजवळ गुंठाभर. त्यात घर असं नाही, पण वस्तीचा आकार ओळखू येतो.

मामा नव्या घरी आहे, पुष्पकनगरच्या बाजूला. वजाबाकीचं चित्र त्याला नको होतं. "ते तुझ्याकडे ठेव," म्हणाला. त्याने मागितलं २०१४ चं, दसऱ्याचं. मोठं करून छापून दिलं. त्या धुरकट चौकटींवर त्याने बॉलपेनने घरं लिहिली, एकेका चौकटीत तीन-तीन, चार-चार नावं. मामीने दोन ठिकाणी दुरुस्त केलं. एका घरावरून त्यांचा अजून वाद चालू आहे, ते देवळाच्या अलीकडे होतं की पलीकडे.

सध्या १९८४ मध्ये सुटलेल्या लॅण्डसॅट ५ ची जुनी चित्रं उतरवतोय. त्यात मूळ आकडे आठ बिटांचे, त्यामुळे ८ शी थेट वजाबाकी नाही, दोन्ही आधी परावर्तनात आणायला लागतात. तिथी कोडने काढता येते, पण मामाचा विश्वास छापील पानावर. कुणाच्या माळ्यावर १९८५ ते १९९५ मधली जुनी पंचांगं किंवा कालनिर्णयची पानं असतील तर कळवा. मी येऊन घेऊन जाईन, आणि परतही आणून देईन.