खाणीचा कागद

आम्हां प्राध्यापकांचा सारा संसार एका पदवीच्या कागदावर उभा असतो. पण तो एकदां हातीं आला म्हणजे कोणी परत मागत नाहीं. खाणवाल्याच्या कागदाची गोष्ट निराळी.

गोमंतकांत पोर्तुगीज सरकारनें खाणींचे हक्क मुदतीचें बंधन न घालतां दिले होते. 1987 सालच्या कायद्यानें ते रद्द होऊन त्यांचे भाडेपट्टे झाले. आणि तेही 20 डिसेंबर 1961 पासूनच झाले असें समजावयाचें ठरलें! गेलेला काळ पालटण्याचें सामर्थ्य कवींच्या अंगीं असतें म्हणतात, कायदेमंडळाच्याही असतें. पुढें 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, या पट्ट्यांची मुदत 2007 च्या नोव्हेंबरांतच सरली होती. म्हणजे 2012 सालीं सरकारनें खाणी थांबवीपर्यंत डोंगर फुटत होते, बार्जी मांडवींतून मुरगांवकडे जात होत्या, परदेशीं जहाजें भरत होतीं, आणि या साऱ्या खटाटोपामागें चालू मुदतीचा कागदच नव्हता. मागाहून नूतनीकरण केलेले 88 पट्टेही त्याच न्यायालयानें 2018 सालीं रद्द केले.

माझा एक जुना विद्यार्थी डिचोलीकडचा. घरीं खनिज वाहणारा एक ट्रक, कर्जावर घेतलेला. तो म्हणाला, "सर, परवाना मालकाचा, हप्ता मात्र आमचा." त्याच्या आईचें म्हणणें वेगळें. ट्रक थांबला याचें तिला दुःख होतेंच. पण वाळत घातलेले कपडे लाल होत नाहींत, हेंही ती हळूच सांगे. 2022 सालीं तिकडचा पट्टा लिलावानें दिला गेला, तोंवर त्यांनीं ट्रक विकला होता.