गठ्ठे आणि सुट्टे

उर्दू शाळेच्या दुसरीच्या वर्गात मी संख्या सांगत होते आणि मुले पाटीवर लिहीत होती. "तिरपन" म्हटल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलाने आधी ३ लिहिला, मग त्याच्या डावीकडे ५. उत्तर बरोबर होते, ५३. पण मी त्याचा हात धरला. "बेटा, उर्दू उजवीकडून लिहायची, आकडे डावीकडून." त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून तो तिरपनचे ३५ आणि सत्ताईसचे ७२ लिहू लागला.

मी लाल फुल्या मारत राहिले. त्याच्या अम्मीला बोलावून घेतले. ती बाजारात भाजी विकते. खाली मान घालून म्हणाली, "आपा, मी शाळेची पायरी चढले नाही. मी काय शिकवणार?" हळूहळू त्या मुलाने वर्गात हात वर करणे सोडले.

एका शनिवारी मी मुलांना काड्यांच्या खेळाला बसवले. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे, काही सुट्ट्या काड्या आणि जमिनीवर खडूने आखलेली दोन घरे. डावे घर गठ्ठ्यांचे, उजवे सुट्ट्यांचे. एकाने चिठ्ठी उचलून संख्या सांगायची, दुसऱ्याने काड्या मांडायच्या. नेमकी "तिरपन"ची चिठ्ठी आली. त्या मुलाने आधी उजव्या घरात तीन काड्या ठेवल्या, मग डावीकडे पाच गठ्ठे. क्षणभरही अडला नाही.

तेव्हा माझे डोळे उघडले. तिरपन म्हणा की त्रेपन्न, आपल्या दोन्ही भाषांत तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. तो ऐकले तसेच लिहीत होता. मी हाताची दिशा बदलली, पण कानाला काय सांगायचे ते सांगितलेच नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असे संख्यावाचन आले तेव्हा खूप थट्टा झाली होती. मीही हसले होते. त्यामागची अडचण मला त्या काड्यांनी समजावली.

मी त्याला जवळ घेऊन म्हटले, "गलती मेरी थी." मग अम्मीला पुन्हा बोलावले, या वेळी खेळायला. गठ्ठे हातात घेताच ती हसली, "ही तर जुडीच की! दिवसभर हेच मोजते मी." आता मगरिबनंतर मायलेक खेळतात. आधी "जुड्या किती?" असे ती विचारते आणि मगच तो लिहितो.

वाचनासाठी मी त्यांना जुन्या लग्नपत्रिकांची कार्डे कापून दिली. एका कार्डावर उर्दूत "दरवाज़ा", दुसऱ्यावर मराठीत "दरवाजा". तसेच बाजार, जमीन, कागद, साबण. कार्डे पालथी मांडायची आणि जोड्या लावायच्या. शब्द ओळखीचा असला की नवी लिपी परकी वाटत नाही. त्या खेळात अम्मीलाही चार अक्षरे ओळखू येऊ लागली आहेत, अल्हम्दुलिल्लाह.

भगिनींनो, या खेळांना पैसा लागत नाही. लागतो तो रोजचा पाव तास. आणि मूल चुकले तर रागावण्याआधी एवढेच विचारा, "बाळा, हे तू कसे केलेस?" हा प्रश्न मी त्याला पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.