बारा टक्क्यांच्या वरची बंडी

दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि ट्रॅक्टर लागू लागतात, आणि ओलाव्यावरून वादही सुरू होतात. हमीभावानं कापूस घेणाऱ्या सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, नियम मात्र सरळ आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे १० टक्के ओलावा निघाला तर १६२ रुपये २० पैसे कापून ७,९४७ रुपये ८० पैसे हातात येतात.

सामान्य वाचकाला प्रोग्रॅमिंग कळेल असं काही लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा प्रस्तुत लेखकाला हाच नियम सुचला. वर्गात तो दर हंगामात फळ्यावर येतो. त्यात अट आहे, म्हणजे ‘इफ’, आणि प्रत्येक बंडीला तेच काम पुन्हा करायचं आहे, म्हणजे ‘लूप’. सुटे घेतले तर दोन्ही पोराटोरांना समजतात. घोळ होतो तो एकाच्या पोटात दुसरं घातल्यावर.

एका विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम अजून डोक्यातून जात नाही. मुलगा कापूसवाल्या घरातला, हुशार. दिवसभरातल्या सगळ्या बंड्यांचे मिळून किती पैसे द्यायचे, हे त्याला काढायचं होतं. कपातीचं गणित अचूक होतं. फक्त १२ टक्क्यांच्या वरची बंडी आली की काय करायचं, तिथे त्यानं ‘ब्रेक’ लिहिलं होतं. ब्रेक म्हणजे लूपमधून थेट बाहेर. चौथ्या बंडीला १३ टक्के ओलावा होता. तिच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या बंड्या हिशेबातून गेल्या. तिथे हवं होतं ‘कंटिन्यू’: ही सोड, पुढची घे. स्क्रीनवर चुकीची कसलीच खूण नव्हती. आकडा आला होता, व्यवस्थित दिसत होता, फक्त कमी होता. प्रोग्रॅम चुकला की संगणक आपणहून सांगतो, हा समज लोकांच्या डोक्यातून काढायला फार कष्ट पडतात.

अशी चूक नवशिक्यांचीच असते असंही नाही. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचं ३० जीबीचं झून हे गाणी ऐकायचं यंत्र एकदम बंद पडलं. आतलं घड्याळ १९८० पासूनचे दिवस मोजून साल काढत असे. दिवस ३६५ पेक्षा जास्त उरले असतील तोवर लूप फिरायचा. साल साधं असेल तर ३६५ वजा, लीप असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा. आता २००८ हे लीप वर्ष, आणि त्या दिवशी उरले होते बरोबर ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप आत घेतो. ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून आतली अट काहीच करत नाही. पुन्हा तेच. बॅटरी संपू द्या आणि १ जानेवारीच्या दुपारनंतर सुरू करा, एवढाच उपाय कंपनीला सांगता आला. लूपमध्ये अट घालताना प्रत्येक वाटेनं काम पुढे सरकतं की नाही, हे बोट ठेवून तपासावं लागतं, ते यासाठी.

इथे एका जुन्या वादाबद्दल बोलायलाच हवं. लूपला बाहेर पडायची वाट एकच असावी, ब्रेक आणि कंटिन्यू वापरूच नयेत, असं अनेक शिक्षक आजही शिकवतात आणि संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राचा दाखला देतात. पण डायक्स्ट्राचं १९६८ चं पत्र ‘गो टू’ या, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठेही उडी मारायच्या, आज्ञेविरुद्ध होतं. त्याचं गाजलेलं भडक शीर्षकही त्याचं नव्हे, संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेलं. १९७४ मध्ये डोनाल्ड कनुथ यांनी तर ‘गो टू’सुद्धा कुठे रास्त ठरतो हे सविस्तर दाखवलं. एकच वाट ठेवण्याच्या हट्टापायी मुलं इफमध्ये इफ, त्यात आणखी इफ लिहितात, आणि कोणतं ‘एल्स’, म्हणजे ‘नाहीतर’, कोणाचं हे त्यांनाच सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकाचं मत ठाम आहे: जे घ्यायचंच नाही ते लूपच्या दारातच परत पाठवा. १२ च्या वर? पुढची बंडी. मग खाली उरतो एकच प्रश्न, ८ च्या वर आहे का, आणि तो डोळ्यांना सरळ वाचता येतो.

पालक मात्र विचारतात, जावा शिकवता की पायथन? अट आणि लूपचा विचार दोन्ही भाषांत तोच आहे, हे त्यांना पटत नाही. वर्षानुवर्षं तेच सांगून थकवा येतो, पण सांगणं सोडवत नाही.

त्या मुलानं ब्रेक काढून कंटिन्यू घातलं, बेरीज जुळली. मग त्याला दिवसाचा सरासरी ओलावा काढायला सांगितला. त्यानं ओलाव्याच्या बेरजेला बंड्यांच्या संख्येनं भागलं. पण पाऊस झाला की खरेदी बंद राहते. त्या दिवशी बंड्या शून्य, लूप एकदाही फिरत नाही आणि शून्यानं भागायची वेळ येते. यासाठी आणखी एक अट लागते, आणि ती लूपच्या आत नव्हे, लूप संपल्यावर, भागाकाराच्या आधी. ती कुठे लिहायची हे त्यानं स्वतः शोधलं.