चार काटे आणि एक कोपरा

माझे अब्बा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार होते. हळदीची पोती आणि गुळाचे रवे तोलण्यात त्यांची हयात गेली. ते सांगायचे, "तराजूवर शंका आली तर पारड्यांची अदलाबदल करून बघ. माल तिकडे, वजनं इकडे. तरीही काटा मधोमध उभा राहिला तर तराजू खरा." अब्बांची ही गोष्ट मी आयुष्यभर वापरली. गेल्या वर्षी मात्र ती अर्धवट वापरली आणि एका माणसावर अन्याय करून बसलो.

आष्ट्यात घराला लागूनच माझं गॅरेज आहे. काम ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांचं. भाचा इंजिनिअरिंगला आहे. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची 'फॉर्म्युला भारत' नावाची स्पर्धा होते. तिच्यासाठी त्याच्या टीमने एक गाडी बनवली होती. आपल्या भागात हा नाद नवा नाही. कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकांनी 2018 मध्ये थेट ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री स्पर्धेत गाडी पळवली होती. पण पोरांकडे जागा नव्हती. भाचा म्हणाला, "मामू, चाकांची वजनं घ्यायची आहेत. तुमचं शेड द्याल का?"

रेसिंग गाडीचं नुसतं एकूण वजन कळून भागत नाही. चारही चाकांखाली वेगवेगळे काटे ठेवून कुठल्या चाकावर किती भार पडतो ते पाहतात. मग पुढचं उजवं आणि मागचं डावं या तिरक्या जोडीची बेरीज करतात. ती एकूण वजनाच्या निम्मी असावी लागते. नसेल तर डाव्या वळणाला गाडी एक वागते आणि उजव्या वळणाला दुसरंच.

पोरांनी किराणा-भुसारवाले वापरतात तसे चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले. प्रत्येकावर वीस किलोचं वजन ठेवून मी ते तपासले. चारही खरे निघाले. चाकांत हवा सारखी भरली, चालवणाऱ्या पोराला सीटवर बसवलं आणि गाडी काट्यांवर चढवली. पुढे डावीकडे 64 किलो, उजवीकडे 74. मागे डावीकडे 84, उजवीकडे 74. एकूण 296. डावी बाजू 148, उजवीही 148. वरवर सगळं ठीक. पण तिरकी जोडी भरली 158, म्हणजे त्रेपन्न टक्क्यांच्या वर.

पोरांचे चेहरे उतरले. कोणीतरी म्हणालं, फ्रेमच पिळलेली असणार. फ्रेम आमच्याच भागातल्या एका वेल्डरने केली होती. मला अब्बा आठवले. काट्यांची अदलाबदल केली, आकडे तेच. मग गाडी उतरवून तोंड उलट्या दिशेला फिरवली आणि पुन्हा चढवली. पुन्हा तेच आकडे. मी हात झटकले. "जमिनीचा दोष असता तर गाडी फिरवल्यावर आकडे बदलले असते. फ्रेमच वाकडी आहे. त्याचे राहिलेले आठ हजार थांबवा."

वयाने मोठा माणूस बोलला म्हटल्यावर पोरांनी ऐकलं. आपल्या ऊसपट्ट्यात 'काटामारी' हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मापात कोणी फसवलं की आपण पेटून उठतो. इथे मापच दाखवून मी एका कारागिराचं नाव खराब करत होतो, हे माझ्या मनातही आलं नाही.

तीन दिवसांनी बायकोने शेड धुतलं. पाणी सगळीकडून वाहून गेलं, फक्त मोरीजवळच्या कोपऱ्यात जरा थांबलं. तिथेच गाडीचं मागचं उजवं चाक होतं. मी गवंड्याचा लेव्हल पाईप आणला, त्यातले बुडबुडे काढले आणि चारही जागा मोजल्या. तीन एका पातळीत होत्या. चौथी साडेसहा मिलिमीटर खाली.

मग गाडी फिरवल्यावर आकडे का बदलले नाहीत? चार पायांचं डुगडुगणारं टेबल आठवा. एक पाय आखूड असो की त्याच्या समोरचा तिरका पाय, टेबल डुगडुगतं सारखंच. गाडी उलटी केल्यावर त्या खड्ड्यावर आलं पुढचं डावं चाक. जोडी तीच राहिली. या गाडीत चाकापाशी एक मिलिमीटरला साधारण अडीच किलोचा फरक पडतो. साडेसहाला सोळा होतात. फ्रेम थोडी कलून हा फरक चार चाकांत वाटून घेते. म्हणजे दोन चाकांवर चार-चार किलो कमी, दोनवर चार-चार जास्त. बेरीज कुठेच चुकत नाही, म्हणून शंकाही येत नाही.

त्या काट्याखाली पत्र्याचे तुकडे सारून पातळी जुळवली. पोरांना बोलावलं, गाडी परत चढवली आणि स्प्रिंगा बसाव्यात म्हणून दोनदा दाबून सोडली. आता पुढे 68 आणि 70, मागे 80 आणि 78. तिरकी जोडी 150. उरलेला फरक स्प्रिंगची चकती थोडी फिरवून निघाला. फ्रेम सरळ होती.

अब्बा सूरह रहमानचा दाखला द्यायचे. आकाश उंच केल्याचा उल्लेख येतो आणि लगेच मीज़ानचा, तराजूचा. मी ते नेहमी दुकानदारांसाठी आहे असं समजत आलो. पारडी बदलण्याआधी अब्बा तराजू टांगलेली आडवी दांडीही तपासायचे, हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

संध्याकाळी भाच्याला घेऊन वेल्डरकडे गेलो. आठ हजार त्याच्या हातावर ठेवले आणि चूक माझी होती हे पोरांसमोरच सांगितलं. त्याने पैसे मोजले नाहीत. म्हणाला, "भाई, पैशाचं काही नाही. पण मला एकदा बोलावून घ्यायचं होतं. मीसुद्धा बघितलं असतं."

त्याचं बरोबर होतं. परत येऊन मी जमिनीवर ऑइल पेंटने चार चौकोन आखले. मोरीजवळच्या चौकोनात आकडा लिहिला, साडेसहा.