दोन कार्डांची तहकीकात

दिग्रससारख्या कापसाच्या गावी संगणकाचे आयुष्य ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांचा उल्लेख कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडत नाही. वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकतो, विजेचा दाब वेळी-अवेळी खालीवर होतो, आणि जिनिंगच्या हंगामात हवेवर तरंगणारे रुईचे तंतू, जे एरवी डोळ्यांस दिसतही नाहीत, पंख्याच्या ओढीने कॅबिनेटमध्ये शिरून ग्राफिक्स कार्डाच्या ॲल्युमिनिअमच्या पात्यांमध्ये असे दाटून बसतात, की त्यांचा करडा नमदाच तयार व्हावा.

माझ्या भाच्याचा फोटो स्टुडिओ याच गावी आहे. लग्नांच्या व्हिडिओ मिक्सिंगसाठी त्याने एकाच संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसविली, तीही जुनी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाच्या जाळ्याने आपली कार्यपद्धती बदलली आणि कार्डांवर त्या चलनाचे खनन करणे एका दिवसात निरर्थक ठरले. तेव्हा अहोरात्र राबलेली जी असंख्य कार्डे बाजारात आली, त्यांतलीच ही जोडी असावी असा माझा कयास आहे. ऐन लग्नसराईत, रेंडर निम्म्यावर आले असता, पडद्यावर हिरव्या-जांभळ्या चौकटी उमटल्या आणि पाठोपाठ पडदा काळा झाला. "मामा, थे वरचं कार्ड गेलं वाटते," भाचा म्हणाला.

त्याच्या संशयाला आधार होता. एकाखाली एक बसलेल्या कार्डांत खालच्याने टाकलेली उष्ण हवा वरच्याच्या पंख्यात जाते, त्यामुळे वरचे कार्ड सहसा अधिक तापते. परंतु तापणे हा काही अपराधाचा पुरावा नव्हे. जो अधिक सोसतो त्याच्यावरच आळ यावा, हे मला न्याय्य वाटत नाही. म्हणून तालुक्याच्या बाजारपेठेतल्या ज्या तरुण कारागिराला आम्ही बोलावले, त्याने निवाडा राखून ठेवून आधी तपास आरंभला, हे पाहून मला फार समाधान वाटले.

संगणक सुरू होताना, विंडोज उघडण्याच्याही आधी, आरंभीच्या अक्षरांवरच रंगीत ठिपके दिसत होते. एवढ्यावरून ड्रायव्हर निर्दोष ठरला, कारण तो तोवर कामावर हजरच झालेला नसतो. मग वीज तोडून दोन्ही कार्डे बाहेर निघाली. ब्रश आणि ब्लोअर यांनी रुई झडली. सोनेरी संपर्कपट्ट्यांवर त्याने शाळकरी मुलाच्या दप्तरातले खोडरबर इतक्या हलक्या हाताने फिरविले, की त्या हालचालीत मला एक प्रकारची ममता दिसली. नंतर एकच स्लॉट, एकच केबल आणि एकच मॉनिटर कायम ठेवून त्याने कार्डे पाळीपाळीने तपासली. खालचे कार्ड वरच्या जागी बसविले, तर रेंडर निर्वेध पार पडले. तेव्हा स्लॉट सुटला. वरचे कार्ड त्याच जागी एकटे बसविले, आणि चौकटी परतल्या. राहता राहिला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरविणारा डबा. स्लॉटमधून ७५ वॉट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट अशी ज्यांची प्रत्येकी भूक, त्या कार्डांपैकी एकच आता जोडलेले असल्याने भार निम्म्यावर आला होता, आणि तरीही दोष टिकून होता. त्यामुळे त्याचीही मुक्तता झाली. बहुधा मेमरीची एखादी चिप, किंवा तिच्याखालचे झाळकामाचे बारीक मणी, वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने तडकले असावेत.

या साऱ्या तपासात निरोगी कार्ड हाच एकमेव भरवशाचा साक्षीदार होता, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. जोडीची कल्पना तशी जुनी: १९९८ च्या व्हूडू टू या कार्डांत एकाने विषम ओळी रेखाटाव्या, दुसऱ्याने सम, अशी वाटणी होती, आणि त्याही आधी, १९९१ साली, पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम ८००० हा महासंगणक अनेक प्रोसेसरांना एका कामास जुंपून सिद्ध झाला, तेव्हा त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे विजय भटकर आमच्याच वऱ्हाडचे, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे होते. एकत्र राबणाऱ्यांत एकाचा दोष साऱ्यांच्या कामावर उमटतो. पण तो हुडकण्याचे साधनही त्या सोबतीतच असते, कारण तुलनेस दुसरा नसता तर अंदाजाखेरीज हाती काय राहिले असते?

कार्ड भट्टीत घालून भाजण्याचा जो उपाय काही जण करतात, तो कारागिराने साफ नाकारला. त्याने जीव आला तरी थोडे दिवसच राहतो, आणि चिपा मात्र कायमच्या दुखावतात. आता ते कार्ड चिप बदलण्यासाठी नागपुरास जाईल. रेंडर करताना प्रत्येक कार्डाला सारी सामग्री आपापल्या मेमरीत घ्यावी लागते, दोघांच्या मेमरीची बेरीज होत नाही. त्यामुळे एका कार्डावर काम अडणार नाही, वेळ मात्र दुपटीच्या आसपास लागेल. ज्या लग्नाचे रेंडर अडले होते, त्यातल्या मुलीच्या वडिलांना भाच्याने फोन करून सारी हकीकत सांगितली व मुदत मागून घेतली. दुरुस्त कार्ड आले तरी पावसाळा लागेपर्यंत ते बसवू नये, असे कारागिराने बजावले आहे, आणि भाच्याने ते मान्य केले आहे.